तोड्याची बंदूक उडवावी का?

मागचे तीन शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही. एरवी कारण ऑफिस असतं, या वेळी कारण एक बंदूक आहे. खरीखुरी, साडेपाच फूट लांब, तोड्याची.

तर झालं असं. माझं आजोळ कोल्हापूरच्या पश्चिमेला, गगनबावड्याच्या वाटेवर. तिथल्या घरात माजघराच्या तुळईखाली दोन खुंट्यांवर ही बंदूक माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आडवी टांगलेली आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं स्टुलावर चढून तिची कळ दाबून बघायचो. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली उतरायची. कोयता, विळे, नांगराचा फाळ आणि मामांची मोटरसायकल यांच्या रांगेत तिलाही हळदकुंकू, झेंडूची माळ मिळायची आणि पुन्हा वर.

या वर्षी जूनमध्ये मामांचा फोन आला. "तू इंजिनेर न्हवं? मग ही बंदूक तेवढी चालू करून दे. दसऱ्याला एक बार काढायचा."

मी शिकलो मेकॅनिकल आणि पोटासाठी लिहितो जावा. गेल्या सात वर्षांत मला घरच्यांनी मिक्सर, गिझर आणि एकदा शेजाऱ्यांचं लिफ्टचं दार दुरुस्त करायला सांगितलंय. पण बंदूक पहिल्यांदाच. खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मला आनंदच झाला होता. रात्री दोनपर्यंत जागून वाचत बसलो. त्यानंतरच्या चार महिन्यांत माझं मत पूर्ण उलटं झालं, ते कसं झालं हे लिहायला आज बसलोय. मत आधीच सांगून टाकतो: अशी जुनी बंदूक पुन्हा उडवण्याजोगी करू नये. शक्य नाही म्हणून नव्हे. शक्य आहे, आणि तीच अडचण आहे.

ज्यांनी अशी बंदूक पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दस्त्याच्या वरच्या खाचेतून एक लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो, त्याचं टोक चिमट्यासारखं चिरलेलं. त्यात तोडा धरायचा. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती भडकत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. खालची कळ दाबली की दांडा पुढे झुकतो आणि दोरीचं धुमसतं टोक नळीच्या उजव्या अंगाच्या छोट्या वाटीत टेकतं. वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू. ती भपकन पेटते, नळीच्या कानातून आग आत जाते, की झाला बार. (युरोपातल्या तोड्याच्या बंदुकीत हा दांडा बहुधा नेमबाजाच्या दिशेने मागे येतो. आपल्याकडे तो पुढे जातो. अगदी बघितल्याबरोबर ओळखू येणारा फरक.)

दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची, म्हणून ही ठासणीची बंदूक. आपण एखादी गोष्ट "ठासून" सांगतो, एखाद्याचा "बार फुसका" निघतो, ते सगळं इथून आलेलं. भाषेत ही बंदूक अजून भरलेली आहे.

आणि आमच्या माजघरातलीही भरलेलीच होती.

हे कळलं ते जुलैमध्ये, मी गावी गेलो तेव्हा. परदेशातले जुन्या बंदुकांचे शौकीन एक गोष्ट सगळ्यात आधी करतात, आणि ती करायला अक्कल लागत नाही, एक सरळ काठी लागते. काठी नळीच्या तोंडातून तळापर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, मग काठी बाहेर काढून नळीवर बाहेरून ठेवायची. नळी रिकामी असेल तर काठीचं टोक कानाच्या जवळपास किंवा थोडं मागे यायला हवं. आमची काठी कानाच्या ३ इंच अलीकडेच थांबली.

मी पुन्हा मोजलं. मामांनी मोजलं. तेच.

तीन इंचांत कुंभारमाशीचं घर असू शकतं, चिंधी असू शकते, उंदराने नेलेलं काहीही असू शकतं. किंवा बार. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, हे मी आधीच वाचलेलं होतं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली की बंदुकीचं तोंड कायम चुलीकडेच असायचं. तीस वर्षं तिने ती फडक्याने पुसली होती. मला आमचं स्टूल आठवलं. तोडा नव्हता, त्यामुळे कळ दाबून काही होणार नव्हतं, हे डोक्याला कळतं. तरी पोटात खड्डा पडला.

आम्ही नळीत पाणी भरलं आणि ती परसात उभी करून ठेवली. पाण्यात सोरा विरघळला की दारूचा नुसता चिखल राहतो. मग मामा त्यांचा परवाना बरोबर घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेले. (परवाना शेतीसंरक्षणाचा आहे, आजोबांपासून चालत आलेला. रानडुकरांचा त्रास त्या भागात आजही आहे. निवडणूक आली की ही म्हातारी पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर घरी येते.) त्याने गजाला मळसूत्री टोक लावून आतलं सगळं ओढून काढलं: कापडाची गुंडी, शिशाची एक ओबडधोबड गोळी, मग काळा चिखल.

मामांच्या आज्याने दर दसऱ्याला बार काढलेला मामांनी लहानपणी पाहिलाय. शेवटचा १९६४ च्या आसपास. म्हणजे त्यानंतर कधीतरी म्हाताऱ्याने डुकरासाठी म्हणून बंदूक भरली, डुक्कर आलं नाही, आणि तो गेला. त्या भरलेल्या बंदुकीखाली आमच्या तीन पिढ्या जेवल्या. ती गोळी मामांनी देव्हाऱ्यात ठेवलीय. त्यावर मी काही बोललो नाही.

मला वाटलं होतं इतकं झाल्यावर मामा नाद सोडतील. उलट झालं. "बघितलंस न्हवं? आज्यानं भरून ठेवली ती वाजायची राहिली. आता तरी वाजू दे." यावर कुठलं इंजिनिअरिंगचं उत्तर आहे, सांगा.

आता मुद्द्यावर येतो. एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका लेथवाल्याने फोटो पाहूनच सांगितलं की दोन दिवसांचं काम आहे. वायर ब्रशच्या चाकाने गंज काढायचा, खड्डे वेल्डिंगने भरायचे, वरून बफिंग. "चकाचक करून देतो, नवी वाटेल." माणूस वाईट नाही. त्याच्या हाताला सफाई आहे, मी स्वतः पाहिलीय. पण "नवी वाटेल" हे ऐकून मला आमच्या गावचं देऊळ आठवलं. काळ्या दगडाचं, सुंदर कोरीव खांबांचं देऊळ. पंधरा वर्षांपूर्वी त्याचा जीर्णोद्धार झाला: खांबांना गुलाबी आणि पोपटी ऑईलपेंट, गाभाऱ्याला बाथरूमच्या टाईल्स. सगळ्यांनी श्रद्धेने वर्गणी दिली होती, आमच्या घरानेही दिली होती. नक्षीत रंग असा बसलाय की आता काढायला गेलं तर दगड निघतो. जीर्णोद्धार आणि जतन यात फरक आहे आणि तो आपल्याला समजत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंदुकीच्या बाबतीत हा फरक नुसता सौंदर्याचा राहत नाही, जिवाचा होतो. का, त्यासाठी एकच गणित सांगतो, घाबरू नका. आमच्या नळीचा मागच्या टोकाशी बाहेरचा व्यास ३६ मिलिमीटर, आतला १६. बार उडताना आतला दाब भरभक्कम ७० मेगापास्कल धरला, तर जाड नळीसाठी लामेचं जे सूत्र आम्ही दुसऱ्या वर्षी घोकलं होतं, त्याप्रमाणे नळीच्या आतल्या कडेला घेराच्या दिशेने ताण येतो साधारण १०४ मेगापास्कल. चांगलं घडीव लोखंड ३०० च्या आसपास तुटतं. म्हणजे जवळजवळ तिप्पट ताकद हाताशी. कागदावर बंदूक पास! पहिल्या रात्री दोन वाजता मी हेच गणित करून खुशीत झोपलो होतो.

गणितात चूक नाही. गृहीतकात आहे. सूत्र धरून चालतं की नळी एकजिनसी आहे. ही नळी एकजिनसी नाही. ती लोहाराने पत्रा तापवून, वाकवून, कडा एकमेकींवर ठोकून जोडलेली आहे. घडीव लोखंडात मळीचे बारीक धागे असतात, लाकडाच्या रेषांसारखे. रेषेच्या दिशेने ओढलं तर मजबूत, आडवं ओढलं तर कमजोर. पत्रा लांबीच्या दिशेने गुंडाळून उभा सांधा केला असेल, तर बाराचा सगळा ताण नेमका सांध्यावर आणि धाग्यांच्या आडवा येतो. उलट पट्टी तिरकी, पीळ देत गुंडाळली असेल तर धागेच घेराभोवती फिरतात आणि ताण झेलतात.

हे आपल्या लोकांना माहीत होतं. अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये बादशाही बंदुका कशा करत ते लिहून ठेवलंय. पूर्वी पत्रा वाकवून कडा जोडत. अकबराच्या कारखान्यात लोखंड चपटं करून तिरकं पिळत गुंडाळायला सुरुवात झाली, कडेला कड न लावता थरावर थर चढवत. पूर्वीच्या नळ्या पाव भरण्यापलीकडे भरवत नसत, या नव्या तोंडापर्यंत भरून उडवल्या तरी फुटत नाहीत, असा त्याचा दावा आहे. त्यातला दरबारी मसाला वजा करा. उरतं ते शुद्ध मेकॅनिकल इंजिनिअरिंग आहे, आणि ते सोळाव्या शतकातलं आहे. तिथेच एक चाक वर्णिलंय, एक गाय ते फिरवते आणि एका वेळी १६ नळ्या आतून साफ होतात. मला हे वाचून फार भारी वाटलं. (१५६८ मध्ये चित्तोडला जयमल ज्या बंदुकीने पडला ती अकबराची लाडकी 'संग्राम' होती असं सांगतात. नाव ठेवण्याइतकी माया होती म्हणजे.)

पण आमची नळी बादशाही कारखान्यातली नाही. कुठल्या गावच्या लोहाराने, कुठल्या पद्धतीने, कुठल्या मूडमध्ये ती केली, कोण जाणे. ही घडण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जवळजवळ तशीच राहिली, त्यामुळे नुसतं बघून वयही सांगता येत नाही. आणि गंज सगळ्यात जास्त कुठे? अर्थातच मागे, कानाशी, जिथे दाब सर्वाधिक आणि जिथे साठ वर्षं सोरा आणि गंधक ओल धरून बसले होते. गगनबावड्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना ओल म्हणजे काय ते सांगायला नको.

मग आत बघू या म्हटलं. नळी रिकामी झाल्यावर मी ऑनलाईन एक बारीक कॅमेरा मागवला, मोबाईलला जोडायचा, तुंबलेले पाईप बघायला वापरतात तो. दिवाणखान्यात आम्ही सगळे मोबाईलभोवती कोंडाळं करून बसलो. आत चंद्रासारखा प्रदेश दिसतो. तपकिरी पापुद्रे, खड्डे, मध्येच चक्क गुळगुळीत जागा. आणि कानाच्या थोडं पुढे एक काळी रेघ, बोटभर लांब, नळीच्या लांबीच्या दिशेने. ती लोहाराचा सांधा असेल. तडा असेल. गज घासून पडलेला ओरखडा असेल. मी ती रेघ किमान पन्नास वेळा पाहिली. व्हिडिओ थांबवून, मोठा करून, उजेड बदलून. मला सांगता येत नाही.

आमच्या बॅचचा एक मित्र प्रेशर व्हेसलच्या तपासणीचं काम करतो. त्याला व्हिडिओ पाठवला. त्याने अर्धा तास प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, "एक्स-रे काढता येईल. पाण्याच्या दाबाची चाचणीही घेता येईल. पण ती पास झाली तर काय सिद्ध झालं? की त्या दिवशी, त्या दाबाला, एकदा फुटली नाही. रेघ तडा असेल तर चाचणीने ती आतल्या आत थोडी वाढलीही असेल. मी यावर सही करणार नाही."

सही! इतके दिवस मी "सुरक्षित आहे का" असं विचारत होतो. लंडनला १६३७ पासून आणि बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळ्यांची सक्तीची चाचणी घेऊन शिक्का मारणाऱ्या संस्था आहेत. जादा दारू भरून नळी उडवतात, टिकली तर शिक्का. तिथे सुरक्षित या शब्दाला अर्थ आहे, कारण त्यामागे कुणाची तरी सही आहे. माझ्या नोकरीत एखादा बदल लाईव्ह करायचा तर तीन जणांची मंजुरी लागते. बिघडलं तर मागचं व्हर्जन परत लावतो आणि जेवायला जातो. इथे मागचं टोक निसटलं तर ते नेम धरणाऱ्याच्या गालापाशी असतं. आपली बंदूक दस्ता बारीक, सरळ, गाल टेकवून धरायची. मागचं व्हर्जन लावायला माणूस उरायला पाहिजे.

आता कुणी म्हणेल, अरे पण जपानमध्ये उडवतात की! बरोबर आहे, आणि हा आक्षेप मी सहज उडवून लावणार नाही, कारण मला तो बरेच दिवस छळत होता. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोचले तेव्हा त्यांच्याबरोबर तोड्याच्या बंदुका होत्या, आणि त्या गोव्याकडच्या घडणीच्या असाव्यात असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे जपानी बंदूक आपल्या बंदुकीची लांबची बहीण असण्याची शक्यता आहे. आज तिथे जुन्या अस्सल बंदुका कलावस्तू म्हणून नोंदवलेल्या असतात, सण-उत्सवात पोशाख करून मंडळी बार काढतात. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीत तर 'तानेगाशिमा' नावाची स्पर्धाच आहे.

मग त्यांना जमतं आणि आपल्याला का नाही? एक कारण चक्क स्क्रू आहे. जपान्यांनी नळीचं मागचं टोक आट्यांच्या बुचाने बंद करायला शिकून घेतलं. बूच फिरवून काढलं की नळी दोन्ही बाजूंनी उघडी: बघा, पुसा, मोजा, पुन्हा लावा. आपल्याकडे आटे कापण्याऐवजी खिळ्याभोवती तार डाखून आटे तयार करण्याची रीत बराच काळ होती, आणि बऱ्याच नळ्यांचं टोक कायमचं ठोकून बंद केलेलं असतं. ते उघडायचं म्हणजे तोडायचं. आमचं तसंच आहे. दुसरं कारण माणसांचं. तिथे बंदूक सांभाळणारी मंडळं आहेत, नोंदी आहेत, ओळीने शिकत आलेले लोक आहेत. आमच्याकडे शेवटचा माहितगार १९६४ च्या सुमारास बंदूक भरून गेला.

आपल्याकडे कोडगूत कोडव लोक कैलपोदच्या सणाला शस्त्रं पुजतात, आणि त्यांना बंदुकीच्या परवान्यातून असलेली सूट २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांनी वाढवली गेली. परंपरा आणि कायदा यांची सांगड घालता येते हे खरं. पण आपल्यासाठी कायदा काय म्हणतो ते एकदा वाचाच. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५. जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र कायद्याच्या बाहेर कधी? तर ते दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनसुद्धा उडवता येण्यासारखं नसेल तेव्हा. 'दुरुस्त करूनसुद्धा' हे शब्द पुन्हा वाचा. भिंतीवरची शोभेची वस्तू आणि बंदूक यांच्यातली सीमारेषा तुमच्या लेथवाल्याच्या हातात आहे. आणि कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणं आणि तिची चाचणी घेणंही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, कमाल जन्मठेप. आमच्या लेथवाल्याला हे माहीत नव्हतं. फोनवर बराच वेळ गप्प होता.

राहिला शेवटचा मार्ग, जो परदेशात कारागीर खरोखर वापरतात. जुनी नळी आतून कोरून मोठी करायची, तिच्यात सांधा नसलेली आधुनिक पोलादी नळी बसवायची, मागे नवं बूच, नवा कान. नीट केलं तर हे सुरक्षित होतं, नाही म्हणत नाही. पण मग उडतं काय? उडतो नवा पाईप. त्या लोहाराची नळी नुसती म्यान होऊन राहते, आणि तिच्या आतलं सगळं, ती रेघ, ते धागे, पीळ देऊन केलीय की उभ्या सांध्याची हे कळण्याचा एकमेव पुरावा, भुश्यासकट केरात. शंभर वर्षांनी कुणाकडे आजच्यापेक्षा चांगली तपासणीची यंत्रं असतील. त्याला बघायला काहीतरी ठेवू या की. ज्याला आवाज आणि धूरच हवाय त्याने रीतसर परवाना काढून, परवानाधारक कारखान्यातली नवी ठासणीची बंदूक घ्यावी.

मी काय केलं? मोजमाप केलं. ऑगस्टचे दोन रविवार व्हर्नियर घेऊन बंदुकीचं प्रत्येक माप घेतलं, कॉम्प्युटरवर तिचं पूर्ण मॉडेल केलं. कळ आणि दांडा यांची जोडणी किती साधी आहे हे काढताना कळलं: एक लांब पट्टी, दोन खिळे, बस्स. गावचा लोहार तासाभरात दुरुस्त करेल. चकमकीच्या बंदुका येऊनही तोडा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातही का टिकला, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या दोन खिळ्यांत मिळालं. गंज बफिंगने नाही, तेल आणि मऊ फडक्याने, जेवढा सुटला तेवढाच काढला. नळीवर मेणाचा हात. आणि मामांना बसवून तासभर रेकॉर्डिंग केलं: आजा दारू कुठे ठेवायचा, किती घ्यायचा, तोडा कुठल्या मनगटाला गुंडाळायचा, बार काढताना बायकापोरांना कुठे उभं करायचा. हे कुठल्या संग्रहालयात नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये काचेआड शस्त्रं आहेत, पण "बार काढायच्या आधी कुत्रं बांधायचा" हे तिथल्या पाटीवर नाही लिहिलेलं.

मामांना माझी सगळी कारणं पटली असं समजू नका. रेघेचा व्हिडिओ पाहून ते गप्प झाले, गणित ऐकून जांभई दिली, आणि सात वर्षं ऐकून म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे." पण तोंड पडलेलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. त्यांना आवाज नीट आठवतच नाही. आठवतो तो त्याच्या आधीचा वास, आज्याच्या मनगटाला गुंडाळलेल्या दोरीचा.

दसऱ्याला गेलो तेव्हा मी सुती दोरीचा तोडा करून नेला होता. घरात दारूचा कण नाही, नळी रिकामी, वाटी रिकामी, तरी मी काठी घालून सगळ्यांसमोर पुन्हा मोजलं आणि नळीचं तोंड परसातल्या बांधाकडे केलं. मामी या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली नाही, अंगणात आली. मामांनी दोरीचं टोक फुंकून लाल केलं, चिमट्यात धरलं, बंदूक उचलली, गाल मात्र टेकवला नाही. कळ दाबली. दांडा सावकाश पुढे झुकला आणि धुमसतं टोक रिकाम्या वाटीत टेकलं. टक्. इतकंच.

मामा बराच वेळ तसेच उभे होते. धूर वर जात होता. मग म्हणाले, "दोरी जाड झालीय रं. फुडल्या वर्षी बारीक कर."